नळकांडं, तबकडी आणि श्रेय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. आवाज पकडला तो एडिसनने, १८७७ मध्ये, फिरत्या नळकांड्यावर. एमिल बर्लिनरने दहा वर्षांनी नळकांड्याची तबकडी केली एवढंच, मग या नकलाकाराचं इतकं कौतुक कशाला? दुसरं, कर्ण्यासमोरच्या कुत्र्याचं चित्रही मुळात एडिसनच्या यंत्राचं, ते कंपनीने ढापलं. तिसरं, अमेरिकेतली तबकड्यांची व्हिक्टर कंपनी बर्लिनरने काढली हे माझं वाक्य चूक आहे.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी १९०१ मध्ये काढली ती एल्ड्रिज जॉन्सनने, न्यू जर्सीतल्या कॅमडेनला. चूक माझी होती, लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

पहिला मुद्दा मात्र पटत नाही. एडिसनचं श्रेय वादातीत आहे. पण लेख कारखान्याचा होता, आणि कारखान्यापुढचा प्रश्न वेगळा : एकदा गायलेलं गाणं हजार घरांत पोचवायचं कसं? १८९० च्या दशकात नळकांडीवाल्यांकडे याचं धड उत्तर नव्हतं. गायकापुढे कर्ण्यांची रांग लावायची, प्रत्येक कर्ण्याला एक यंत्र. जितकी यंत्रं तितकीच नळकांडी. आणखी हवीत? पुन्हा गा. एकावरून दुसरं कोरून घेता यायचं, पण आवाज पातळ व्हायचा आणि मूळ नळकांडं झिजायचं. साच्यात ओतलेली नळकांडी बाजारात रुळायला १९०२ उजाडलं.

बर्लिनरने जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला. आवाजाने हलणारी सुई त्यावर आडवी नागमोडी रेघ काढत जाई. मग पत्रा आम्लात. जिथलं मेण निघालं होतं तिथलं जस्त खाल्लं जाऊन खाच पडायची. या पत्र्यावरून धातूचा उलटा ठसा घ्यायचा आणि त्याने तबकड्या दाबत सुटायचं. छापखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आवाज असा छापता येतो, हे एडिसनकडून उचललेलं नव्हतं.

वाट सरळही नव्हती. १८८९ च्या सुमारास जर्मनीतल्या एका खेळणीवाल्याने बर्लिनरची पहिली यंत्रं विकली. हाताने फिरवायचं यंत्र, हात मंदावला की गाणारा घोगरा. १८९६ मध्ये जॉन्सनने घड्याळासारखी कमान बसवली तेव्हा चाल स्थिर झाली. कडक रबराच्या तबकड्या नीट उठत नव्हत्या, म्हणून लाख आली, आपल्याकडच्या पळस-कुसुमावरची लाख. माझ्याकडे कडेला तुटलेली एक जुनी तबकडी आहे. वरून आरशासारखी काळी, तुटलेल्या कडेला मात्र पाटीसारखी खरबरीत. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते ना, ती पोलादी सुईला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणून तर दर बाजूला नवी सुई.

आणि नकलाकार म्हणताना १९०० साल विसरू नका. बर्लिनरचा माल विकण्याचा मक्ता ज्या फ्रँक सीमनकडे होता, त्यानेच झोनोफोन नावाचं प्रतिस्पर्धी यंत्र बाजारात आणलं आणि कोर्टाकडून बर्लिनरलाच अमेरिकेत विक्री करायला मनाई मिळवली. ज्याने तबकडी शोधली त्यालाच ती विकायची बंदी! हे वाचताना मला आजही राग येतो.

चित्राबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. चित्रकार फ्रान्सिस बॅरोने आधी नळकांड्याचाच फोनोग्राफ रंगवला होता. पण ढापाढापी झाली नाही. १८९९ मध्ये तो स्वतः बर्लिनरची यंत्रं विकणाऱ्या लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा उसना मागायला गेला. यंत्र आमचं रंगवलंत तर चित्र घेतो, असं तिथला व्यवस्थापक ओवेन म्हणाला. बॅरोने यंत्र बदललं, चित्राचे ५० आणि हक्काचे ५० पौंड घेतले.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. याच लंडनच्या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस गाणी तबकडीवर उतरवायला कलकत्त्याला आला. तिथल्या गायिका गौहर जानने गाणं संपताना कर्ण्यात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकड्या छापायच्या होत्या हॅनोवरला आणि लेबल लावणाऱ्या जर्मन कारागिराला गायिका कोण ते कळायला हवं होतं. आपले भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले. एडिसनचं यंत्र आलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. संगीत रंगभूमीवरची त्यांची सगळी कारकीर्द त्यानंतरची, तरी त्यांचा आवाज आज आपल्यापाशी नाही. तबकडीवाले कलकत्त्यात उतरले त्याच्या जेमतेम पावणेदोन वर्षं आधी ते गेले.