‘कंपनीने बटण कशाला दिलंय मग?’ : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘जुने अमेरिकावासी’,

तुमची प्रतिक्रिया लांबही आहे आणि तिखटही, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता वेगळंच लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देते. इलेक्ट्रिक रेंजचं (वर शेगडी आणि खाली ओव्हन असलेल्या विजेच्या चुलीचं) सेल्फ-क्लीन, म्हणजे ओव्हनने स्वतःच स्वतःला साफ करायचं बटण, जपून वापरा असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते तुम्हाला निव्वळ लोकांना घाबरवणं वाटलं. तुम्ही इंजिनियर, तीस वर्षं ओहायोत, आणि दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबर अखेरीच्या अमेरिकन सणाच्या) आदल्या दिवशी ते बटण दाबून मोकळे होता. कधी काही झालं नाही. कंपनीने बटण दिलं, दाराला कुलूप दिलं, यूएलने (उपकरणांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने) तपासलं, मग ‘बायकांना पुन्हा घासणी घेऊन गुडघ्यांवर बसवायचा उद्योग कशाला?’ त्या वेळी पाळीव पक्षी दुसऱ्या खोलीत न्या हा इशारा वाचून तुम्हाला हसू आलं. ओव्हनच्या तळाला ॲल्युमिनियम फॉईल घालू नका हे ‘व्हॉट्सॲप विद्यापीठातलं’ वाटलं. आणि एकीकडे सगळं थंड झाल्यावर पुसा म्हणायचं, दुसरीकडे शेगडीच्या काचेवर सांडलेला पाक गरम असतानाच खरवडा म्हणायचं, ‘नक्की काय ते ठरवा’ असंही सुनावलंत. शेवटी दाराच्या काचेतल्या डागाचा प्रश्न विचारलात. तो शेवटी घेते.

बटण दाबूच नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. फार माखलेल्या ओव्हनला ते लावू नका, असं लिहिलंय. ऐकायला उलटं वाटतं हे मान्य. सफाईचं बटण घाण झाल्यावर नाही तर कधी दाबायचं? पण आत काय घडतं ते बघा. रोजच्या वापरात ओव्हन फार तर ५०० ते ५५० फॅरनहाइटपर्यंत जातो. सेल्फ-क्लीनमध्ये तो ८८०च्या आसपास जातो, म्हणजे साधारण ४७० सेल्सियस, आणि काही तास तिथेच राहतो. साबण नाही, पाणी नाही. आत जे काही सांडलंय ते जाळून टाकायचं, एवढंच त्याचं काम. जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली असा ओव्हन बाजारात आणला, आणि तत्त्व आजही तेच आहे.

आता लझान्यातून ओघळलेलं चीज, केकचं सांडलेलं पीठ, असा पातळ थर असेल तर मामला सोपा. उदबत्तीच्या राखेसारखी भुरकट राख उरते, ओल्या फडक्याने निघते, पांढरट डाग राहिलाच तर फडक्यावर थोडं व्हिनेगर. पण आपल्या घरातला ओव्हन तसा नसतो ना! तंदुरी चिकन ४५०वर लावायचं, शेवटी ब्रॉयलरखाली (वरून भाजणाऱ्या कॉइलखाली) रंग आणायचा, आणि मॅरिनेशनचं तेल, दही आणि चरबी ट्रेच्या कडेवरून तळाला. असं चार-पाच वेळा झालं की तळाशी चिकट थर धरतो. तो एकदम राख होत नाही. आधी वितळतो, मग प्रचंड धूर करतो, आणि प्रसंगी पेटतोही. त्या धुरात डोळ्यांना झोंबणारं ॲक्रोलीन असतं, कार्बन मोनॉक्साइडही असतो. घरात कुणाला दमा असेल तर ती संध्याकाळ त्याच्यासाठी वाईट जाते.

यूएलच्या शिक्क्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी तुमची रेंज तपासलेली असते. तिच्या पोटात तुम्ही काय ठेवलंय ते तपासायला कुणी आलेलं नसतं. आणि आपण काय काय ठेवतो! कढया, तवे, पिझ्झा स्टोन, कुकरची भांडी, खालच्या ड्रॉवरमध्ये पोळपाट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची ती एक पिशवी. ओव्हन म्हणजे आपलं दुसरं फडताळ, हे कुठल्याही मराठी मंडळाच्या पार्टीत हमखास हशा मिळवणारं वाक्य आहे. सेल्फ-क्लीन चालू असताना तो ड्रॉवरही चांगलाच तापतो. तोही रिकामा करावा लागतो, हे कित्येकांच्या गावीही नसतं.

त्यात धूर जायचा कुठे? शेगडीवरच्या हूडच्या, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याच्या, वरचं कपाट एकदा उघडून बघा. धातूचा डक्ट (धूर नेणारा नळ) भिंतीतून किंवा छतातून बाहेर जाताना दिसला तर उत्तम. दिसला नाही तर बहुतेक तुमचा पंखा तीच हवा जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरात सोडतोय. अपार्टमेंटमध्ये हेच सर्रास असतं. मग उरतात खिडक्या. नोव्हेंबर अखेरीला ओहायोत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून चार तास बसणार असाल तर तुमच्या मुहूर्ताला माझी हरकत नाही.

मुहूर्तावरून आठवलं. धूर बाजूला ठेवला तरी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसाला माझा ठाम विरोध आहे. आमच्या शेजारणीने दिवाळीच्या पार्टीच्या आदल्या रात्री सेल्फ-क्लीन लावलं. सकाळी ओव्हन गार, पण कुलूप काही सुटेना. समोरची पट्टीही काळी. विजेच्या मुख्य पॅनलमधला रेंजचा जोडब्रेकर पाच मिनिटं बंद करून पुन्हा चालू केला. कुलपाची मोटर अडकली असेल तर पुष्कळदा यानेच काम होतं. इथे नाही झालं. दोन दिवसांनी आलेल्या मेकॅनिकने रेंज बाहेर ओढली, मागचा पत्रा काढला आणि नाण्याएवढी एक वस्तू तिच्या हातावर ठेवली. अति तापमान झालं की वीज तोडणारा तो थर्मोस्टॅट. ओव्हन जास्त तापला, त्याने चोख काम केलं, आणि कंट्रोलला वीज नाही म्हणून दाराला सुटका नाही. पाहुण्यांनी त्या दिवशी पनीर टिक्का तव्यावरचा खाल्ला. सांगायचा मुद्दा असा की हा कार्यक्रम रेंजच्या भागांवर ताण टाकणारा असतो. ज्या आठवड्यात ओव्हनवाचून अडणार नाही तो आठवडा निवडा.

याच गोष्टीतून निघालेली, तुम्ही न विचारलेली एक सूचना. रेंज कुणीही, कशासाठीही ओढून बाहेर काढली तर परत ढकलताना मागचा पाय भिंतीशी किंवा जमिनीला ठोकलेल्या ब्रॅकेटमध्ये बसलाय का ते बघा. उघड्या दारावर लहान मूल चढलं तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते, वर उकळतं पिठलं असलं तरी. ते कलंडणं थांबवायला हा ब्रॅकेट असतो. रेंजची मागची बाजू हलकेच वर उचलून बघा, ब्रॅकेट असेल तर ती अडते. दुरुस्तीनंतर हे बघायचं हमखास राहून जातं, आणि भाड्याच्या घरात तर कधी कधी ब्रॅकेट बसवलेलाच नसतो.

आता ‘बायकांना गुडघ्यांवर’ बसवण्याबद्दल. आमच्याकडे ओव्हन नवरा पुसतो. पण कुणीही पुसो, मी सांगितलेलं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. ओव्हन थंड असताना तळावरची ओली चरबी प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा जुन्या क्रेडिट कार्डाने काढायची, साबणाच्या कोमट पाण्याने पुसायचं, साबण राहू न देता परत साध्या पाण्याने. मग खुशाल बटण. लोखंडी ब्रश मारायला मी कुणालाच सांगितलेलं नाही. दाराच्या कडेने जी विणलेली दोरीसारखी पट्टी असते तिला तर फडकंही लावायचं नाही. ती काचतंतूंची असते, घासून झिजली की त्या जागेतून गरम हवा निसटते. पट्टीच्या बाहेरची चौकट मात्र हाताने आधीच पुसून घ्यावी. तिथे जाळण्याइतकी उष्णता पोचत नाही, डाग भाजून पक्का होण्याइतकी पोचते.

स्प्रेवाला ओव्हन क्लीनर सेल्फ-क्लीन ओव्हनमध्ये मारू नका. त्यात बहुधा कॉस्टिक, म्हणजे तीव्र क्षार, असतो. तो कानाकोपऱ्यात राहिला आणि वर ८८० डिग्री दिले की एनॅमलची, म्हणजे आतल्या काचेसारख्या लेपाची, वाट लागते. रॅकचं म्हणाल तर चकचकीत धातूचे असतील तर बाहेर काढा, नाहीतर काळवंडतात आणि नंतर कुरकुरत सरकतात. सरकायला लागावेत म्हणून कडांना बोटभर तेल चोळायचं. करड्या एनॅमलचे असतील तर काही मॉडेलमध्ये आत चालतात. मॅन्युअल बघा.

पक्षी. हसू येणं साहजिक आहे, पण हा इशारा माझा नाही. रेंजच्या मॅन्युअलमध्येच छापलेला असतो: सेल्फ-क्लीनच्या वेळी पक्षी दुसऱ्या, हवेशीर खोलीत न्या. पक्ष्यांची श्वसनाची रचना अशी असते की हवेतलं विषारी काहीही आपल्यापेक्षा फार लवकर त्यांच्या रक्तात उतरतं. आत चुकून नॉनस्टिक ट्रे राहिला आणि त्याचा लेप तापून धुरला तर पिंजऱ्यातला पोपट मिनिटांत जाऊ शकतो. आपल्याकडे कुत्री-मांजरी जास्त, पण लव्हबर्ड्स पाळणारी दोन घरं तर माझ्याच ओळखीत आहेत.

फॉईलबद्दलही तेच, मॅन्युअल उघडा. पूर्वीच्या ओव्हनमध्ये तळाची कॉइल उघडी दिसायची. आता बऱ्याच मॉडेलमध्ये ती एनॅमलच्या पत्र्याखाली लपलेली असते, म्हणून तळ सपाट आणि मोकळा दिसतो आणि फॉईल अंथरायचा मोह होतो. पण उष्णता त्या पत्र्यातूनच वर यायची असते. फॉईलने ती अडते, खालचा पत्रा नको तितका तापतो आणि फॉईल तळाला अशी चिकटते की खरवडताना एनॅमलच निघतं. तुम्ही वर्षानुवर्षं घालत असाल आणि चिकटली नसेल, तर तुमची कॉइल उघडी असावी. तिथेही सेल्फ-क्लीनआधी फॉईल काढायचीच. ओघळ झेलायला खालच्या रॅकवर रिकामा बेकिंग ट्रे ठेवा. तो उचलून सिंकमध्ये धुता येतो.

राहिला पाक. इथे विसंगती नाही, कारण साखर वेगळी वागते. शेगडीच्या काचेच्या टॉपवर वरण उतू गेलं तर ते वाळून चिकटतं, दुसऱ्या दिवशी क्रीम लावून ब्लेडच्या स्क्रेपरने निघतं. पण चिक्कीसाठी गुळाचा पाक करताना, गोळीबंद झालाय का बघायला वाटीतल्या पाण्यात थेंब टाकावा आणि तेवढ्यात पातेल्याच्या कडेवरून पाक काचेवर उतरावा, तसं झालं तर गोष्ट वेगळी. तो गार होताना आक्रसतो आणि तोवर काचेला घट्ट धरून बसलेला असतो. मग जबरदस्तीने काढताना काचेचे बारीक टवके घेऊनच निघतो. तिथे पडलेले खळगे कायमचे. म्हणून पातेलं बाजूला, बर्नर अगदी मंद किंवा बंद, हातात जाड मिट, आणि लांब दांड्याच्या धातूच्या स्क्रेपरने पाक मऊ आहे तोवर थंड भागाकडे ओढायचा. वितळलेल्या प्लॅस्टिकला हाच नियम. बाकी सगळं थंड झाल्यावर. हे मी आधीच ठरवलेलं आहे.

एका मुद्द्यावर तुमची बाजू घेते. सेल्फ-क्लीन असलेल्या ओव्हनला इन्सुलेशन जास्त असतं, त्यामुळे रोजच्या बेकिंगलाही वीज थोडी कमी लागते. म्हणजे बटण एकदाही न दाबणाऱ्यालाही ते घेतल्याचा फायदा होतो. ‘स्टीम क्लीन’ नावाने जे मिळतं ते मात्र वेगळं प्रकरण. तळाला पाणी ओतून हलकंसं तापवायचं, की ताजा डाग सैल होतो. जळका थर त्याला दाद देत नाही. दुकानात दोन्ही एकाच उत्साहाने विकतात.

चालू असताना दाराच्या काचेतून आत ज्वाळा दिसल्या तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण एका ताईंनी खाली विचारलंय. सेल्फ-क्लीन रद्द करायचं, पण दार उघडायचा प्रयत्नही करायचा नाही. बंद दाराआड हवा तुटपुंजी असते, आग बहुधा आपोआप विझते. दार तापमान उतरेपर्यंत बंदच राहतं, ते त्याचसाठी. धूर वाढतच गेला किंवा मागच्या व्हेंटमधून ज्वाळा आल्या तर घराबाहेर पडून ९११ला (अमेरिकेतल्या आपत्कालीन नंबरला) फोन. आणि हो, स्मोक डिटेक्टर कोकलतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणाऱ्यांनो, कृपा करा.

तर काचेतला डाग. तो दोन काचांच्या मध्ये आहे, म्हणून सेल्फ-क्लीन तिथपर्यंत पोचत नाही आणि तुम्ही कितीही वेळा लावलंत तरी तो जाणार नाही. बहुतेक वेळा दाराच्या वरच्या किंवा खालच्या फटींतून ओघळ आत गेलेला असतो. काही मॉडेलमध्ये खालचा ड्रॉवर काढला की दाराच्या तळाशी लांबट फटी दिसतात. तारेचा हँगर सरळ करून त्याला ओलसर फडकं घट्ट गुंडाळायचं आणि तिथून वर सरकवायचं. ब्रेकर बंद आणि दार पूर्ण गार असतानाच. फटी नसतील तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून स्क्रू सोडवावे लागतात. दार चांगलंच जड असतं आणि बिजागऱ्यांत स्प्रिंग असते, त्यामुळे एकट्याने करू नका. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते कळायला मॉडेल नंबर लिहा. ड्रॉवर बाहेर ओढल्यावर किंवा दार उघडल्यावर चौकटीच्या पट्टीवर चिकटवलेला असतो.