हॉटेल म्हणजे नुसती पाठ टेकायची जागा?

नागपूरला येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरतोय: "हॉटेल फक्त झोपायला लागतं. स्वस्त मिळेल तिथे खोली घ्या. शहराच्या मधली बर्डी काय नि विमानतळाकडचा वर्धा रोड काय, कॅब आहेच. पेंचचं जंगलही तिथूनच उरकतं." हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी पाहुण्यांचं अर्धं नागपूर बघायचं राहून जातं.

'फक्त झोपायला' हे आधी घेऊ. हाँगकाँगमधल्या चार हॉटेलांतल्या पर्यटकांची ये-जा जीपीएसने टिपून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शहर एकच, पण ज्याचा मुक्काम जिथे, त्याचा बराच वेळ तिथल्याच आसपास गेला.

नागपुरात तर हे उन्हामुळे आणखीच खरं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारी खोलीवर परतावंच लागतं. बर्डीत उतरलेला माणूस ऊन कललं की पुन्हा बाहेर पडतो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात, दीक्षाभूमीही लांब नाही. शहराबाहेर उतरलेला एसी सोडून परत निघत नाही, हॉटेलातच जेवतो आणि त्याचं झणझणीत सावजी जेवण राहून जातं. तर्री पोह्यांचंही तसंच. ते ठेल्यासमोर उभं राहून, चण्याची लाल तर्री वरून ओतून घेत खायचे. पार्सल खोलीवर पोचेस्तोवर पोह्यांचा गोळा झालेला असतो.

'कॅब आहेच' म्हणणाऱ्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत येऊन बघावं. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा त्या गर्दीत पायीच शिरावं लागतं.

पेंच नागपुरातून करता येतं, खोटं नाही. सिल्लारी गेट साधारण ७० किलोमीटरवर. पण सकाळची सफारी उजाडता उजाडता सुटते, म्हणजे शहरातून काळोखात निघायचं आणि पोरं जिप्सीत पेंगणार. शिवाय महाराष्ट्रातल्या पेंचला २०२४ साली देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' (कृत्रिम उजेडापासून जपलेलं रात्रीचं आकाश) म्हणून मान्यता मिळाली. ते आकाश बघायचं तर रात्र तिथेच काढायला हवी.

लग्नालाच येणाऱ्याने खुशाल कार्यालयाजवळ राहावं. त्याने काय करायचं ते आधी ठरवलेलं असतं. व्हॉट्सॲपवरचा सल्ला बाकीच्यांना नेमकं तेच ठरवू देत नाही.

राहिली स्वस्ताई. खोलीत वाचलेले पैसे पेंचच्या पहाटेच्या गाडीत आणि दिवसभराच्या कॅबमध्ये जातात. खोली बुक करण्याआधी तेवढी बेरीज करून बघा.