जपानी तंत्र, गोऱ्याने आणलेला कागद, मग ही कला इन्युइटांची कशी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात, तिथल्या मूळनिवासी इन्युइट लोकांचं किन्नगाइत नावाचं गाव आहे, जुनं नाव केप डॉर्सेट. तिथल्या प्रिंट्सबद्दल (बहुतेक दगडावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) मागच्या लेखात मी "हजारो वर्षांची परंपरा" असं लिहिलं होतं. सरांचं म्हणणं, ही परंपरा वगैरे काही नाही, 1957 मध्ये एका गोऱ्या सरकारी अधिकाऱ्याने सुरू करून दिलेला उद्योग आहे, तंत्र जपानी, गिऱ्हाईक शहरातलं, आणि आपण लांबून बसून त्याला प्राचीन म्हणतो. शिवाय आपल्या वारलीचंही असंच झालं हा टोला.

आधी माझी चूक. "हजारो वर्षं" हे साफ चुकलं, लेखातून काढलंय. त्या भागात वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या ज्या अतिशय जुन्या छोट्या मूर्ती सापडतात त्या डॉर्सेट संस्कृतीच्या लोकांच्या, आणि ते आजच्या इन्युइटांचे पूर्वज नव्हेत. इन्युइटांचे पूर्वज अलास्काकडून तिकडे आले ते साधारण आठशे वर्षांपूर्वी. मी दोन्ही एकत्र करून टाकलं होतं.

आता 1957. जेम्स ह्यूस्टन हा तो अधिकारी, स्वतः चित्रकार. सांगतात ते असं की ओसुइतोक इपीली नावाचा मूर्तिकार सिगरेटच्या पाकिटांवरचं खलाशाचं डोकं निरखत होता आणि म्हणाला, प्रत्येक पाकिटावर तेच चित्र काढत बसायचं म्हणजे केवढा कंटाळा येत असेल. छपाई म्हणजे काय हे शब्दात सांगता येईना, म्हणून ह्यूस्टनने ओसुइतोकनेच कोरलेल्या एका सुळ्यावर शाई फासली, वर पातळ कागद दाबून उचलला, आणि छाप दाखवला. पुढे 1958 मध्ये ह्यूस्टन जपानला जाऊन लाकडी ठशांनी चित्रं छापणाऱ्या उनइची हिरात्सुका यांच्याकडे शिकून आला. हे सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे, त्यात वाद नाही.

पण सर, वाद पुढे आहे. हिरात्सुका ज्या चळवळीतले, तिचा आग्रह असा की चित्रकारानेच चित्र काढायचं, कोरायचं आणि छापायचं. किन्नगाइतमध्ये हे घेतलंच नाही. तिथे चित्र एकजण काढतो, दगड दुसरा कोरतो आणि छापतो, आणि प्रिंटवर दोघांचीही नावं इन्युक्तितुत या त्यांच्या भाषेच्या लिपीत येतात, सोबत सहकारी संस्थेचा लाल इग्लूचा शिक्का. लाकूडही नाही घेतलं, कारण झाडंच नाहीत, दगड मात्र त्यांच्या हातातला होता, मूर्ती कोरून कोरून ओळखीचा झालेला. मी स्वतः लिनो (छपाईसाठी कोरायची मऊ शीट) कापते, त्यात हात घसरला तर फार तर एक शीट जाते. दगडात मागे ठेवलेल्या रेषेच्या बाजूचा सगळा भाग खणून काढायचा आणि ती बारीक रेष तुटू द्यायची नाही, मग प्रेस न वापरता कागद वर ठेवून हाताने घासत छाप उठवायचा, आणि असं 50 वेळा! हे कुणी तीन महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवू शकत नाही.

आणि ज्याला आपण "आकार" म्हणतो तो कुठून आला, ते बघा. केनोजुआक अशेवाक ही तिथली सर्वात गाजलेली चित्रकार, 1927 ची. तिचं पहिलं प्रिंट 1959 चं, समुद्री शेवाळ खाणारा ससा. तो आकार कागदावर जन्मलेला नाहीये, तिने शिवलेल्या सीलच्या कातड्याच्या पिशवीवरचा तो आकार होता. तिकडच्या बायका कपड्यांवर, बुटांवर काळ्या-पांढऱ्या कातड्याचे तुकडे कापून जोडतात, एक भरीव आकार आणि त्याच्या शेजारी त्याची उलटी सावली. ही नजर आईकडून मुलीकडे आलेली. सुरुवातीची कित्येक प्रिंट्स तर सीलच्या कातड्याचंच स्टेन्सिल करून छापलीयत. मग यात बाहेरचं काय होतं? कागद, शाई, आणि विकायची वाट. तिचं 1960 चं मंतरलेलं घुबड बघा, 1970 मध्ये कॅनडाच्या 6 सेंटच्या टपाल तिकिटावर आलं ते. पिसांच्या त्या फाकलेल्या टोकदार किरणांमध्ये मला तरी कातडं कापणारा सुरीचा हात दिसतो.

वारलीचा मुद्दा मला टोला म्हणून नाही, आधार म्हणून उपयोगी वाटतो. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडे कागद नेला हे खरं, पण वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंच्या चित्रातलं ते जाळं, त्या मुंग्या, कुलकर्णींनी नेलेल्या पुडक्यात नव्हत्या ना. कागद कुणी दिला हे विचारावंच, पण तेवढ्यावर चित्र कुणाचं हे ठरत नाही.

"विकायला केलं म्हणजे खोटं" हे मात्र मला अजिबात पटत नाही. कोल्ह्याच्या कातड्याचे भाव पडल्यावर या माणसांकडे रोख पैशाची वाटच उरली नव्हती. केनोजुआक स्वतः 1952 ते 1955 क्षयामुळे क्यूबेकच्या हॉस्पिटलमध्ये, घरापासून हजारो किलोमीटरवर पडून होती. अशा वेळी 1959 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था उभी केली, ती आज दुकानही चालवते आणि स्टुडिओही. ह्यूस्टन 1962 ला निघून गेला, काम थांबलं नाही. आपण महाराष्ट्रातले लोक, सहकाराने गाव कसं उभं राहतं हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

जिथे तुमचा राग रास्त आहे ते मी लिहायला हवं होतं. 1961 पासून दक्षिण कॅनडातल्या तज्ज्ञांची एक समिती ठरवायची की दरवर्षी विक्रीला येणाऱ्या संग्रहात कुठली प्रिंट्स जातील, म्हणजे इन्युइट चित्र कुठलं याचा निर्णय बरीच वर्षं गावाबाहेर होत होता. आणि 2018 मध्ये त्याच घुबडाची एक प्रत लिलावात 2 लाख 16 हजार डॉलरला गेली, तेव्हा पुनर्विक्रीतून कलाकाराच्या घरच्यांना वाटा देणारा कायदा कॅनडात नव्हता. हा अन्याय आहे, सरळ.

पण "गिऱ्हाइकाला हवं तेच काढतात" म्हणताना ऍनी पूटूगुकचा विचार करा. 1969 चा जन्म, पिटसिओलाक अशूनाची नात. आजीने विधवा झाल्यावर उतारवयात चित्रं काढायला घेतली आणि जुने तळ, कुत्र्यांच्या गाड्या, तंबू हजारो कागदांवर उतरवले. नातीने रंगीत पेन्सिलींनी काय काढलं? टीव्हीसमोर बसलेलं घर, जमिनीवर बसून कच्चं मांस खाणारी माणसं, आणि बाईला मारणारा नवरा. शहरातल्या गिऱ्हाइकाला हवं होतं अस्वल आणि घुबड, हिने ते दिलं नाही. 2006 मध्ये तिला सोबी पुरस्कार मिळाला, कॅनडातला मोठा समकालीन कला पुरस्कार, आणि 2016 मध्ये ती ओटावात वारली, वय अवघं सत्तेचाळीस. तिची चित्रं बघताना मला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, आणि त्या चित्रांना इन्युइट नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

सर, तुम्ही तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय असं लिहिलंत. एक विनंती आहे. आजीचा एक तंबू आणि नातीची एक स्वयंपाकाची खोली शेजारी ठेवून बघा, माणसं कशी बसवलीयत, वस्तू कशा एक-एक मोजून मांडल्यात ते. मग परत लिहा, मी वाट बघतेय.