दिसेल त्याला एक्स्टेंड करा

जावात नवा क्लास लिहायला घेतलात की आधी एक्स्टेंड्स टाका, म्हणजे तो दुसऱ्या क्लासचा वारस होतो आणि त्याच्या मेथड्स (कामं करणारे कोडचे तुकडे) आपसूक मिळतात. विचार नंतर. दुसऱ्या क्लासच्या दोनच मेथड्स हव्यात? त्याचा ऑब्जेक्ट प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवून त्याच्याकडून काम करून घ्यायला चार ओळी जास्त लागतात. एवढे कष्ट कशाला? सरळ वारस व्हा. नको असलेल्या मेथड्सही पदरात पडतील, त्याही पब्लिक.

धीर होत नसेल तर जावाची स्टँडर्ड लायब्ररी उघडा. तिथला स्टॅक (वस्तूंची चळत) हा व्हेक्टरचा, म्हणजे साध्या यादीचा, वारस आहे. त्याच्या स्वतःच्या मेथड्स पाच: पुश, पॉप, पीक, एम्प्टी, सर्च. बाकी इस्टेट वडिलांची. त्यामुळे शेवटी आलेला आधी बाहेर हा स्टॅकचा नियम फक्त पापभीरूंसाठी. ॲडला शून्य इंडेक्स द्या आणि खुशाल तळाशी घुसा. डॉक्युमेंटेशन आता ‘डेक (दोन्ही टोकांनी भरता-काढता येणारी रांग) वापरा’ सांगतं, पण जुना कोड मोडेल म्हणून वारसा काही तोडता येत नाही.

सेटिंग्ज नाव-किंमत अशा स्ट्रिंगच्या जोड्यांत ठेवणारा प्रॉपर्टीज क्लास तर आणखी सोयीचा. तो हॅशटेबलचा मुलगा, म्हणून कुठलीही वस्तू आत टाकणारा पुट मिळतो. पोर्टचा नंबर स्ट्रिंग न करता इंटीजर म्हणूनच टाका, कंपायलर चकार शब्द काढणार नाही. गेटप्रॉपर्टी नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देईल आणि स्टोअर करताना क्लासकास्टएक्सेप्शन (प्रकार जुळत नसल्याची एरर) येईल. तोवर तुम्ही घरी पोचलेले असाल.

वारशातली एखादी मेथड अगदीच नकोशी झाली, तर एसक्यूएल पॅकेजमधल्या डेटचा कित्ता गिरवा. तो युटिल पॅकेजमधल्या डेटचा वारस. त्याला तास विचारा, इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन फेकतो. त्याचा भाऊ टाइमस्टॅम्प नात्यातच खोट काढतो: क्षण तोच असला तरी युटिलमधला डेट म्हणतो ‘आपण इक्वल’, टाइमस्टॅम्प म्हणतो ‘छे!’

आता तुमचा स्वतःचा बेस क्लास, म्हणजे बाकीच्या क्लासेसचा (सबक्लासेसचा) बाप. त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून) ओव्हरराइड होणारी, म्हणजे सबक्लास स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहितो ती मेथड जरूर बोलवा. ती चालेल सबक्लासची, पण सबक्लासची फील्ड्स तेव्हा भरलेली नसतील. घरात सामान यायच्या आधीच पाहुणे. रिकाम्या फील्डमुळे नलपॉइंटरएक्सेप्शन आलं की दोष सबक्लास लिहिणाऱ्याचा. डेटाबेस कनेक्शनही तिथेच उघडा, म्हणजे टॅक्सची साधी बेरीज तपासणाऱ्या टेस्टलाही डेटाबेस लागेल. जावात एका क्लासला एकच बाप मिळतो. ती जागा लॉगिंगच्या एका मेथडसाठी खर्च करा.

रिव्ह्यूमध्ये कोणी ‘हे फील्डमध्ये का नाही ठेवलं?’ विचारलंच, तर सांगा, सात सबक्लास झालेत, आता पुढच्या रिलीजमध्ये बघू.