तो गुलाबी खंजीर तुमच्याकडेच ठेवा

सकाळी सकाळी धाकट्या भावाने एक जाहिरात पाठवली. गुलाबी मूठ, दोन्ही कडांना धार, मुठीत दाबून धरायचा, बोटांच्या मधून पातं बाहेर काढायचं आणि ठोसा मारायचा, असला एक छोटा खंजीर. वर मोठ्या अक्षरांत 'प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये हवाच!' आणि खाली भावाचं, "ताई, तुझ्यासाठी मागवू का?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. दिवसभर नुसती धुमसतेय, म्हणून इथे लिहितेय.

मुळात माझ्या कमरेला गेली कित्येक वर्षं सुरी आहे आणि हा मला पर्समध्ये खंजीर ठेवायला सांगतोय! तुमच्यापैकी निम्म्यांनी ती पाहिलीय. तळहाताएवढी, नारिंगी मुठीची, न मिटणारी. माझं काम झाडांचं. सुतळी काप, कलमाची पट्टी काप, खोकी उघड, दिवसभर ती हातात असते. 'ही कुणाला मारायला?' असं आजवर कुणी विचारलं नाही. आणि जे जाळीतल्या कुत्र्याच्या वेळी तिथे होते, ते तर विचारणारच नाहीत.

ज्यांना ती गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी. मैदानावरच्या गोलच्या नायलॉन जाळीत एक कुत्रा अडकला होता. पाऊस, अंधार पडत आलेला. सुटायला धडपडेल तितका जास्तच गुंतत चाललेला, एक दोरा थेट गळ्यात रुतलेला. भोवती माणसं उभी, बहुतेकांच्या हातात मोबाइल. एका भल्या माणसाने जॅकेट टाकून त्याचं तोंड धरलं, मी डाव्या हाताने मान धरली आणि उजव्या हाताने सुरी काढली. काढली म्हणजे नुसती ओढली, एवढंच. शेजारी एक जण आपला मिटणारा चाकू उघडत होता, पण ओल्या बोटांना त्याची खाच सापडेना. (एका हाताने उघडणारे चाकूही मिळतात, हो, माहितीय मला. बिजागरीत वाळू गेली की तेही अडतात.)

न मिटणारी सुरी घ्यायची ती यासाठी. तिच्यात हलणारं काही नाही. बिजागरी नाही, लॉक नाही, त्यामुळे जोर देताना अचानक मिटून बोटं कापायची भीती नाही. घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की पोलाद मुठीत कुठवर गेलंय. शेवटपर्यंत गेलं असेल तर डोळे मिटून पुढे व्हा. शोभेच्या खंजिरांमध्ये आत एक बारीकशी दांडी असते, जोर लावला की एखाद्या दिवशी मूठ हातात राहते आणि पातं जमिनीवर. स्वीडनच्या मोरा सुऱ्यांपैकी बऱ्याच सुऱ्यांत पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही आणि तरी त्या वर्षानुवर्षं टिकतात, हे कबूल. पण त्या मोरा आहेत.

आता मला सांगा, त्या गुलाबी खंजिराने तो कुत्रा सोडवता आला असता? गळ्यात रुतलेल्या दोऱ्याखाली दुधारी पातं सरकवायचं म्हणजे एक धार दोऱ्याला आणि दुसरी गळ्याला. माझ्या सुरीला जाड, बोथट पाठ आहे. ती कातडीला टेकवली, धार वर केली आणि बाहेरच्या बाजूला ओढली. टोकसुद्धा अणकुचीदार नाही, पाठ पुढे जाऊन धारेकडे उतरते. ते जनावर लाथा झाडत होतं, माझा हात मध्येच घसरलाही, पण त्याला ओरखडा आला नाही. जाहिरातवाल्यांचं मात्र टोकावर भारी प्रेम. भोसकायचंच डोक्यात असेल तर दुसरं काय दिसणार म्हणा.

पातं सहा ते आठ सेंटिमीटर पुरे. रोजची कामं त्याहून मोठी नसतात, आणि बसता-उठताना मोठं पातं बरगडीत रुततं. जाडी अडीच-तीन मिलिमीटर. 'टॅक्टिकल' नावाखाली पाच-पाच मिलिमीटर जाडीच्या छोट्या सुऱ्या विकतात, त्या पुठ्ठासुद्धा सरळ कापत नाहीत, पाचर ठोकल्यासारख्या फाडतात. उलट मूठ मात्र भरपूर हवी, चारही बोटं मावणारी. छोटी सुरी करायची म्हणून सगळे मुठीतच कात्री लावतात आणि मग करंगळी लोंबकळते. ओल्या हाताने जोर लावलात की अशी मूठ फिरते. आणि मुठीपुढे बोट अडेल असा उंचवटा किंवा खाच हवीच, नाहीतर हात पुढे घसरून सरळ धारेवर जातो. चाकूने हल्ला करणाऱ्यांचेही हात असेच कापले जातात. हे त्या जाहिरातीत नाही सांगत कुणी.

पोलादावर लोक रात्र-रात्र भांडतात. मला त्यात रस नाही, तरी सांगते. १०९५, डी२ ही पोलादाच्या प्रकारांची नावं. १०९५ मध्ये जवळजवळ एक टक्का कार्बन असतो, क्रोमियम नावालाही नाही. धार झटकन लागते, पण ओली ठेवलीत तर सकाळी गंजाचे ठिपके. डी२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. धार टिकते खरी, पण गेली की निसण्यावर जीव काढते, आणि इतकं क्रोमियम असूनही ते पूर्ण गंजरोधक नाही. माझी सुरी १४सी२८एन नावाच्या गंजरोधक पोलादाची आहे, चौदा टक्के क्रोमियम. माझे हात सदा ओले, म्हणून. कुत्रा सुटल्यावर चिखलात पडलेली ती सुरी मी नंतर कधीतरी सावकाश धुतली, काही झालं नाही तिला. (सापडली ती नारिंगी मुठीमुळे. काळी असती तर बसले असते चाचपडत.) दातेरी धार असती तर नायलॉन अजून भराभर कापला असता, तेही खरं. तिला घरी धार लावून दाखवा फक्त.

म्यान विसरू नका. चांगली सुरी वाईट म्यानात असेल तर ती घेऊच नका. कायडेक्स म्हणून तापवून पात्याच्या आकारावर बसवलेलं प्लास्टिक येतं, सुरी आत गेली की टक् आवाज होतो. म्यान उलटं धरून जोरात हलवा, सुरी पडता कामा नये. चामड्याचं दिसतं देखणं, पण ओल धरतं. गळ्यात अडकवायची असेल तर साखळी झटक्यासरशी तुटणारी हवी, नाहीतर तीच तुमचा गळा आवळेल.

आणि आता ते 'स्वसंरक्षण'.

पर्समध्ये? खरंच? १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर यांनी लिहिलं होतं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. सराव असलेल्या पोलिसाला कमरेची बंदूक काढून झाडायला जेमतेम तेवढाच वेळ लागतो. आणि आपण किल्ल्या, छत्री, चार्जर यांच्या खालून चेन उघडून खंजीर शोधणार! समजा सापडला. घाबरलेल्या माणसाची बोटं थरथरतात, बारीक काम होत नाही. समजा वारही केला. सिनेमात दाखवतात तसा समोरचा लगेच कोसळत नाही, संतापलेल्या माणसाला लागलेलं कळतसुद्धा नाही आणि तो अजून हातभर अंतरावरच असतो. त्याने मनगट धरलं की पातं कुणाचं?

कुणाचा तरी जीव चाकूने वाचला असेल, नाही म्हणत नाही. रोज खऱ्या धोक्यातून जाणाऱ्या बाईला मी शहाणपण शिकवणार नाही. पण तिलाही हे खेळणं देऊ नका.

खरं सांगायचं तर राग भावावर नाहीये. तो लांब असतो. मला यायला उशीर झाला की 'पोचलीस का' विचारतो, मी उत्तर दिल्याशिवाय झोपत नाही. बिचाऱ्याला तिकडे बसून दुसरं काय करता येणार? काळजी वाटली की काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. मी त्याच्या जागी असते तर मीही काहीबाही पाठवलं असतं. एवढं लिहिल्यावर आता जरा शांत वाटतंय.

पण विकणाऱ्यांना मी सोडणार नाही. हे लोक कायद्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला मिटणारा चाकू खिशात चालतो. न मिटणारी सुरी कितीही छोटी असो, बाहेर नेताना सबळ कारण लागतं, आणि 'स्वसंरक्षण' हे कारण तिथे चालत नाही. कुणाला इजा करायच्या हेतूने जवळ बाळगलेली कुठलीही वस्तू १९५३ पासून तिथे हत्यारच धरली जाते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, तुम्ही असाल तिथले वाचा. पण मुठीवर 'सेल्फ डिफेन्स' छापलेला खंजीर सापडला तर 'सुतळी कापायला ठेवलाय' असं कुठल्या तोंडाने सांगणार?

'मग कोणती घेऊ?' विचारायला येणाऱ्यांनो, आधी घरातल्या सुरीला निसण्यावर धार लावता येते का बघा. येत असेल तर विचारा, सगळं सांगेन. संरक्षणासाठीच काही हवं असेल तर कर्कश शिट्टी घ्या, हाताशी लागेल अशी अडकवा आणि पळायला जमेल असे बूट घाला. त्या जाहिरातीची लिंक माझ्या कमेंटमध्ये कुणी टाकली तर ब्लॉक करीन, मग ओळखीचे असा नाहीतर नात्यातले.