एका झाडापायी गंधकाची आख्खी बॅग

कृषी केंद्रात गंधक मागितलं, तर पोऱ्यानं विचारलं, "किती एकर?" म्हटलं एकर नाही, एक झाड. झालं, बाकड्यावरचे सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले जसा मी उधारी बुडवून आलो.

झाड गंधपुऱ्याचं, पुतण्यानं उटीहून आणलेलं. बारमाही हिरवं, सावलीत खुश, पांढऱ्या फुलांमागून निळी-जांभळी फळं धरते, फक्त जमीन आंबट पाहिजे, चहाला लागते तशी, पीएच पाचच्या आसपास. आमची काळी माती निघाली ८.२, म्हणजे आंबटाच्या अगदी उलट, खणलं की चुनखडीचे खडे. निंबाखाली सावली मात्र पाहिजे तेवढी. गंधक टाकलं की मातीतले जिवाणू हळूहळू त्याचं आम्ल करतात, म्हणून गेलो, एवढंच.

पण बाकड्यावर एक आबाजी होते.

"काहाचं झाड म्हनलं?"

सांगितलं, बामात ते वासाचं तेल असते ना, ते याच्या पानातून निघते. आबाजी गुडघ्यावर हात ठेवून सरसावून बसले.

"म्हंजे बामाचं झाड! मंग पानं टोंगळ्यावर घासली त जमते का?"

"आबाजी, झाड वीतभर आहे अजून."

"मले दोनच पानं पायजे न बाप्पा."

तिकडून एकजण म्हणे, धुऱ्यानं हेच लावा, कापूस येचता येचता बाया कंबरीले घासत जातीन. सगळे हसले. आबाजी नाही हसले. "भाव काय भेटते याले?" आता काय सांगू! मग थोडा विचार करून, "जमीन आंबटच पायजे त ताक टाक, गंधक कायले?" यावर आख्ख्या दुकानानं मान डोलावली आणि तेवढ्यात माझा नंबर दुसऱ्यानं मारला.

त्याला युरिया पाहिजे होता, सोबत न मागितलेली नॅनो युरियाची बाटलीही गळ्यात मारली. तिथं कोणी नाही विचारलं किती एकर. संत्र्याची पानं पिवळी अन् शिरा हिरव्या म्हणून गेलं की दरवेळी नवीन बाटली, अरे जमिनीत लोह आहे, चुन्यापायी झाडाला घेता येत नाही, हे कोण सांगणार? २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचे सरकारी कागद, निघून राहिल्या, या काउंटरवर कोणी मागितलेली मी तरी पाहिली नाही. आणि पक्कं बिल मागा, मग पाहा चेहरा.

गंधक सुटं देतच नाहीत, दहा किलोची बॅग घ्यावी लागली. झाड कुंडीतच लावीन, बोअरच्या खाऱ्या पाण्याऐवजी पावसाचं साठवून घालीन, पण बाकीच्या गंधकाचं काय करू? आबाजींना म्हटलं, थोडं घेऊन जा.

"टोंगळ्याले चालते का?"