जुलाब झालेत म्हणे

आज परत तेच. आरोपीची तब्येत बरी नाही, जुलाब होतायत, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलंय, हजेरी माफ व्हावी. अर्ज मंजूर, पुढची तारीख. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि या जुलाबवाल्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघा, अलिबाग, हाफ चड्डी, गॉगल, समोर सुरमई थाळी, सोलकढीसकट! अरे निदान फोटोत ताकभात तरी ठेवायचास, कोर्टाचा नाही तर जुलाबाचा तरी मान राख.

चेक बाऊन्सची केस, कलम १३८. यात मुदती सगळ्या मला. चेक तीन महिन्यांत बँकेत टाका, परत आला की ३० दिवसांत नोटीस पाठवा, त्याने १५ दिवसांत पैसे दिले नाहीत की महिन्याभरात कोर्टात या, उशीर झाला तर आधी माफीचा अर्ज करा. आणि खटला? तो सहा महिन्यांत संपवायचा 'प्रयत्न करावा' असं कायद्यात आहे. प्रयत्न! पहाटे उठून चालायला जायचा प्रयत्न मी पण करतोच की, पोट बघा माझं.

२०१८ पासून म्हणे कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम, म्हणजे निकालाआधीच, भरपाई द्यायला लावू शकतं, पण त्यासाठी आरोपीसाहेबांनी आधी येऊन गुन्हा कबूल नाही एवढं तरी म्हणायला पाहिजे ना. समन्सवर तर शेरा आला होता, सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही. त्याच पत्त्यावर मी त्याच्या मुलीच्या बारशाला जेवून आलोय.

त्यात आमचे नातेवाईक, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मग बांधली कोणासाठी ती पायरी? मी काठी घेऊन त्याच्या दारात जाऊ नये म्हणूनच कायदा आहे ना, नाही गेलो मी. मी जाणार नाही आणि कोर्टाला घाई नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच जिवावर अलिबाग चाललंय.

हे सगळं मी बाहेर झेरॉक्सवाल्याला तावातावाने ऐकवलं. आत गेलो की 'येस सर'च्या पुढे माझं तोंड उघडत नाही. तो म्हणाला, काका, सुट्टे द्या.

आणि आत्ता त्या जुलाबवाल्याचा मेसेज, दादा कशाला ताणताय, अर्ध्यात मिटवू. माझ्याच पैशांवर मलाच डिस्काउंट मागतोय! वकीलसाहेबांना दाखवला तर म्हणाले, विचार करा, ऑफर वाईट नाही.